देवगाव रंगारीची उरेल कोंबडी

मी वेरूळ बघितलं नाही. अजिंठाही नाही. बीबीचा मकबरा रिक्षातून जाताना लांबून दिसला, तेवढाच. परत आल्यावर गावातल्या प्रत्येकीने पहिला प्रश्न तोच विचारला, "लेणी कशी आहेत गं?" आणि मी प्रत्येकीला सांगितलं, "बाई, मी कोंबड्या बघायला गेले होते." त्यावर जी हसली तिला मी चहा विचारला नाही.

गेले कशाला, ते आधी सांगते. आमचं गाव चिपळूणच्या पुढे, खाडीकाठी. माझी सून प्राची लग्न होऊन आली तेव्हा कोंबडी दिसली की पाय वर घेऊन बसायची. तीच पोरगी पुढे अंड्यांच्या कोंबड्या पाळायच्या म्हणून हट्टाला पेटली. जास्त अंडी देणाऱ्या जातीच्या साठ कोंबड्या आणल्या, त्यांत दोन-चार कोंबडे, स्वतः उभी राहून खुराडं बांधून घेतलं. आमच्या घरात येऊन तिने स्वतःच्या मनाने केलेलं हे पहिलं काम. आणि गेल्या वर्षीच्या शिमग्यानंतर मानमोडी आली.

मानमोडी म्हणजे कोंबड्यांचा काळ. डॉक्टर लोक त्याला राणीखेत म्हणतात. आधी हिरवी हगवण, मग पाय लुळे, मग मान पिळल्यासारखी फिरते आणि खेळ खलास. पाच दिवसांत साठातल्या सत्तावन्न गेल्या. परसात खड्डा खणला, चुना टाकला, पुरल्या. शेवटचं घमेलं प्राचीने ओतलं, खुराड्याला कडी लावली आणि महिनाभर त्या बाजूला फिरकली नाही. तीन कोंबड्या उरल्या होत्या. त्यांचं काय झालं ते पुढे सांगते, कारण तेच मला देवगावात नडलं.

लस दिली नव्हती असं समजू नका. दिली होती. पण आमचे गुरांचे डॉक्टर म्हणाले, "काकू, लस हवीच. पण ती दुकानापासून कोंबडीच्या डोळ्यात पडेपर्यंत थंड राहायला लागते, आणि आपल्याकडे वीज दिवसातून चारदा जाते. शिवाय या जातीने सगळा जीव अंड्यांत ओतलाय, रोगाशी झुंजायला अंगात काही शिल्लक नाही. जिच्या रक्तातच दम आहे अशी कोंबडी शोधा आणि वर लस द्या." शोधा म्हणे! कुठे शोधू, पंचांगात?

सापडली ती माझ्या नणंदेमुळे. कुंदा लग्न होऊन तीस वर्षं तिकडेच आहे, औरंगाबादच्या छावणीत. एक दिवस तिचा फोन. "वहिनी, आमच्या छावणी बाजारात देवगाव रंगारीहून एक अंडीवाला येतो. तो सांगतो, त्यांच्या गल्लीत एका बाईच्या कोंबड्या मानमोडीत टिकतात. उरेल कोंबड्या आहेत म्हणे त्या."

उरेल! माझ्या कानाला तर ती हमीच वाटली. ही उरेल, ती उरेल, सगळ्या उरतील. मी प्राचीला सांगितलं. ती भाजी चिरत होती, मान वर न करता म्हणाली, "आई, तुमच्यासाठी एकदा. फक्त एकदा. पुन्हा मेल्या तर खुराडं मोडून चुलीत घालायचं आणि पुन्हा माझ्यासमोर कोंबडीचं नाव काढायचं नाही." तिच्या आवाजात राग असता तर मी भांडले असते. राग नव्हता, म्हणून दिवाळी झाल्यावर एसटीत बसले.

छावणी

प्रवासाचं सांगण्यासारखं काही नाही, कंबर धरली एवढंच. पाटीवर छत्रपती संभाजीनगर लिहिलेलं, कंडक्टर औरंगाबाद म्हणून ओरडत होता, आणि शेजारची बाई दोन्ही म्हणत होती. पोचलो एकाच ठिकाणी.

तिकडची थंडी मात्र सांगायला हवी. आमच्याकडे थंडी म्हणजे पहाटे चादर ओढायची. इथे ओठ फुटले, टाचा फुटल्या, आणि केसांना तेल लावलेलं तासाभरात कुठे गेलं कळेना. हवेत पाणीच नाही! कुंदा हसायला लागली. "वहिनी, तुम्ही कोकणातली माणसं म्हणजे मासे. बाहेर काढलं की तडफडता." तीस वर्षांत ही पक्की तिकडची झालीय. रिक्षावाल्याशी हिंदीत भांडते, भाजीवालीशी मराठीत, आणि मध्येच दोन्हींची खिचडी करून नवऱ्याशी.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मला खायला घेऊन गेली ती खरोखरच खिचडी. मसुराची पिवळी खिचडी, सोबत तिळाचा आणि चिंचेचा पातळसर खट्टा. मी म्हटलं, "यात कोकम घातलं असतं तर?" कुंदा म्हणाली, "हळू बोल, इथे राहायचंय मला." दोन वाट्या खट्टा प्यायले तेव्हा गप्प बसले.

देवगाव रंगारी

कुंदा सोबत होतीच. एसटी शहराबाहेर पडली आणि माझे डोळे रिकामे झाले. झाड शोधावं लागतं हो तिकडे. आमच्याकडे झाडांतून आभाळ शोधावं लागतं. दौलताबादचा किल्ला खिडकीतून दिसला, मग काळी जमीन, कपाशी, मका, पुन्हा कपाशी. बायका ओटीत कापूस वेचत होत्या. ऊन लख्ख, पण अंगाला लागत नव्हतं.

अंडीवाल्याने सांगितलेलं घर गल्लीच्या टोकाला निघालं. हमीदाबी, गल्लीत नुसत्या बी, सत्तरीच्या. बारीक अंगकाठी, नाकात चमकी, आणि हात मनगटापर्यंत निळसर. मला वाटलं आजार आहे काही. नंतर कळलं, रंग. गावाच्या नावातच रंगारी, आणि यांचं घर पिढ्यान्‌पिढ्या सूत आणि कापड रंगवणाऱ्यांचं. आता धंदा राहिला नाही, पण बी अजून घरच्यापुरतं सूत भिजवतात.

"या, बसा. कोकणातून आल्या म्हणं? इतक्या लांबून कोंबडीसाठी?" त्यांनी आमच्याकडे असं पाहिलं की मला माझीच लाज वाटली.

अंगणात पंचवीस-तीस कोंबड्या चरत होत्या. मी लगेच नजर टाकली. चार-पाच तरण्या होत्या, अंगाने भरलेल्या, पिसं तुकतुकीत, तुरा लालबुंद. मनात म्हटलं, याच. आणि तेवढ्यात भिंतीकडून एक म्हातारी कोंबडी आली. रंग उडालेला, आणि मान अशी वाकडी की एक डोळा जमिनीकडे आणि एक आभाळाकडे. दाणा टिपायला चोच घालायची ती दाण्याच्या बाजूला पडायची. चौथ्यांदा तिला दाणा सापडला.

बींनी तिच्याकडे कौतुकाने बोट दाखवलं. "ही उरेल आहे."

मला हसू आवरेना. "ही कुठली उरेल हो? ही तर आजच मरेल!"

"मरेल?" बी चमकल्या, उठून तिच्याजवळ गेल्या. "मरेल कुठंय? जिती हाय की!"

"आज नाही तर उद्या मरेल," मी म्हटलं.

"उद्या मरेल कशी असंल? काय बोलू राह्यल्या तुम्ही?"

आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. कुंदा पदर तोंडाला लावून हसत होती. मग तिने सांगितलं. तिकडे 'उरेल' म्हणजे उरलेली, 'मरेल' म्हणजे मेलेली. बसेल म्हणजे बसलेला, ठेवेल म्हणजे ठेवलेलं. म्हणजे मी चिपळूणहून जी हमी ऐकून निघाले होते ती हमी नव्हतीच. ती झालेल्या गोष्टीची नोंद होती. ही कोंबडी मानमोडीतून उरलेली आहे, बस्स.

इथवर ठीक होतं, आम्ही तिघी हसलो. पण माझी जीभ! गप्प बसेल तर शपथ. मी म्हटलं, "मग हिला ठेवलीय कशाला? अंडी बंद झाली असतील. रविवारी रस्सा करायचा, मोकळं व्हायचं."

हमीदाबींचं हसू मावळलं. त्यांनी ती कोंबडी उचलून काखेत घेतली. "उरेल कापायची बात करणारीला मी अंडी देत नाय. चहा पिऊन जा." आणि आत गेल्या.

कुंदाने मला असा चिमटा काढला की अजून वळ आहे. मला मात्र चिमट्याचं काही वाटलं नाही. डोळ्यासमोर प्राची दिसत होती, भाजी चिरणारी. सव्वाशे कोस येऊन मी दोन वाक्यांत सगळं घालवलं होतं. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, दुसरं काय.

चहा आला. बी समोर बसल्या. मग त्यांनीच विचारलं, "तुमच्याकडं आली होती ना मानमोडी? तुमच्या काही उरल्या नाय का?"

खोटं बोलता आलं असतं. एकही नाही उरली, असं म्हटलं असतं तर दया आली असती त्यांना. पण त्यांच्या काखेतली ती वाकडी मान माझ्याकडे एका डोळ्याने बघत होती, आणि मला काय झालं कोण जाणे, मी सगळं सांगितलं. तीन उरल्या होत्या. एक कोंबडा, दोन कोंबड्या. आमच्याकडे गावाच्या राखणदाराला कोंबडा देतात, राखण म्हणतात. संकट टळलं म्हणून तो उरलेला कोंबडा मी राखणीला दिला. आणि सांत्वनाला माझी बहीण आणि मेहुणे आले होते. कोकणात पाहुणा आला की कोंबडी-वडे झालेच पाहिजेत. त्या दोघी कढईत गेल्या. माझ्याच हाताने.

"तिन्ही?" बींनी विचारलं.

"तिन्ही."

"या अल्ला." त्यांनी कपाळावर हात मारला. "अगं बाई, सत्तावन्न मेल्या ते नुकसान नव्हतं गं. त्या तीन कापल्या ना, ते नुकसान झालं."

एवढं कोणी मला आजवर तोंडावर ऐकवलं नव्हतं, आणि इतकं खरंही. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. मी रडणारी बाई नाही, कुंदाला विचारा. पण त्या सात-आठ महिन्यांत मी लसीला बोलले, विजेला बोलले, जातीला बोलले. स्वतःकडे कधी बघितलंच नव्हतं.

माझं रडणं बघून बी विरघळल्या असं नाही. त्या मऊ बाई नाहीत. पण त्या 'तुम्ही' वरून 'तू' वर आल्या होत्या. म्हणाल्या, "तू खरं बोलली. उद्या सकाळी खुराडं उघडायच्या वक्ताला ये. आधी शिक, मग अंडी."

दुसरा दिवस, तिथेच

मुक्काम बींच्याच शेजारी एका शिक्षकांच्या घरी झाला, कुंदाच्या ओळखीने. जेवायला बाजरीची भाकरी, येसराची, म्हणजे भाजलेल्या डाळी-मसाल्याच्या पिठाची आमटी आणि लसणाचा ठेचा. ठेच्याने माझी जीभ जागेवर आली. बींकडे तोंड उघडण्याआधी लावायला हवा होता.

सकाळी खुराडं उघडलं आणि बींनी मला कोंबड्यांच्या तोंडाकडे न बघता पायांकडे बघायला लावलं. तेव्हा दिसलं, प्रत्येकीच्या पायात सुताचा धागा. कुणाचा तांबडा, कुणाचा निळा, हिरवा, पिवळा. मला वाटलं दृष्ट लागू नये म्हणून असेल.

"माझी सासू शिकेल नव्हती," बी सांगायला लागल्या. 'शिकेल' आता मला बरोबर कळलं. "अक्षर येत नव्हतं, रंग येत होते. पोलीस ॲक्शनच्या साली, निजाम गेला तेव्हा, घर सोडून नातेवाइकांकडं गेलते सगळे. परत आले तं अंगणात एक कोंबडी उरेल होती. एकच. सासूनं कसम घेतली, या घरात जे उरंल त्याला सुरी लागणार नाय. मग तिची पिल्लं झाली. तिनं कोणत्या आईचं पिल्लू कोणतं, ते धाग्यानं बांधून ठेवलं. आईचा रंग तो पिल्लाचा रंग."

आणि दर मानमोडीनंतर ती सासू धागे बघायची. तांबड्यातल्या दहांतल्या आठ वाचल्या, पिवळ्यातल्या दोनच. मग पुढच्या वर्षी तांबड्यांची अंडी खुडूक कोंबडीखाली ठेवायची, पिवळ्यांची खायची. खुडूक म्हणजे अंड्यांवर बसायला आलेली. सत्तर-पंचाहत्तर वर्षं सासू आणि सून हेच करत आल्या.

"म्हणजे ती वाकडी मान..."

"ती उरली ते तिचं नशीब पण असंल," बी म्हणाल्या. "एका कोंबडीवर काय भरवसा? मी कोंबडी बघत नाय. तिच्या नाती बघते. हिच्या लेकी उरल्या, लेकींच्या लेकी उरल्या. म्हणून ती माझी राणी."

मी माझ्या कालच्या तुकतुकीत तरण्यांकडे बोट दाखवलं. बी खळखळून हसल्या. "त्या? त्या माझ्या लेकीच्या घरून आल्या परवा. त्यांनी मानमोडी बघेलच नाय अजून. रूप बघून सून आणली तं भाकरी कोण थापंल?"

ऐका! आणि मी त्याच निवडल्या होत्या.

अजून एक गोष्ट. तांबड्या धाग्याचा कोंबडा तांबड्या धाग्याच्या कोंबडीत सोडायचा नाही. निळ्यात सोडायचा. मी म्हटलं, "म्हणजे सगोत्र नको!" बींना गोत्र समजावून सांगितलं तर म्हणाल्या, "हां, तेच. कोंबड्यांना कळत नाय, आपल्याला कळतंय ना?" आणि नुसतं न मरणं पण पुरेसं नाही. हिरव्या धाग्याच्या चिवट, पण अंडी घालायला आळशी. त्यांना बी फक्त खुडूक बसवायला ठेवतात. दाई म्हणून.

मी कोंबड्या मागितल्या नाहीत. डॉक्टरांनी बजावून पाठवलं होतं, आजारातून उठलेली कोंबडी अंगात रोग घेऊन फिरू शकते, अंडीच आणा. बींनी बावीस अंडी दिली, तांबडी आणि निळी. म्हणजे अंडी पांढरीच, पण त्यावर त्यांनी बोटाने रंगाचा ठिपका दिला. टोपलीत ज्वारीचा भुसा, त्यात अंडी जाड टोक वर करून. सोबत दोन रंगांच्या सुताच्या लडी. मी लुगडं आणि खण नेला होता, तो पुढे केला. त्यांनी घेतला, डोळ्याला लावला, आणि मला दारापर्यंत सोडायला आल्या.

"घरी गेल्यावर एक दिवस ठेव. हलेल अंडी लगेच बसवू नको," त्या म्हणाल्या. "आणि लस दे. माझा नातू देतो, मी पण नाय म्हणत नाय. धागा आपलं काम करतो, लस आपलं."

परतीचं

ती टोपली मी मांडीवर घेऊन आले. लोक लेकरू मांडीवर घेतात, मी बावीस घेतली. एकाने विचारलं, "काकू, आमलेट का?" त्याच्याकडे मी असं बघितलं की त्याने जागा बदलली. कुंभार्ली घाटात ड्रायव्हरने एका वळणावर ब्रेक मारला आणि मी ओरडले ते अख्ख्या गाडीने ऐकलं. तीन फुटली. दोन तांबडी, एक निळं. घाट उतरेपर्यंत मी उरलेली मोजत होते, एकोणीस, एकोणीस, एकोणीस.

प्राचीने टोपली बघितली. शेजारणीकडून दोन खुडूक कोंबड्या मागून आणल्या त्या तिनेच. मी तिला बींची गोष्ट सांगितली, आणि त्या तीन कोंबड्यांचंही सांगितलं, की चूक माझी होती. तिने सुताच्या लडी उलगडून बघितल्या. मग म्हणाली, "वडे मीपण खाल्ले होते, आई."

एकविसाव्या दिवशी सतरा पिल्लं निघाली. धागे आम्ही दोघींनी बांधले. लस डॉक्टरांनी स्वतः बर्फात घालून आणली. पिल्लं वाढली, पंखांना पिसं फुटली, आणि चैत्रात, आंबे धरत असताना, मानमोडी आली. खालच्या वाडीत आधी, मग आमच्या शेजारी. शेजारणीच्या अकरा गेल्या. तिचं रडणं आमच्या ओटीवर ऐकू यायचं.

नऊ दिवस प्राचीने खुराडं मला उघडू दिलं नाही. सकाळी स्वतः जायची, मी मागच्या दारात उभी राहून तिच्या पाठीकडे बघायचे. खांदे पडले की समजायचं. तिसऱ्या दिवशी पडले. एक गेली होती. पाचव्या दिवशी अजून एक. सहाव्या दिवशी एका निळ्या धाग्याच्या कोंबडीचे पाय लुळे झाले, दोन दिवस तिला प्राचीने हाताने पाणी पाजलं. देवाला मी नवस बोलले नाही, कारण देवाला बोलले की मी काय कापते ते मला माहीत आहे.

आठवा दिवस काही नाही. नववा काही नाही. दहाव्या दिवशी सकाळी खुराड्यातून आवाज आला. कोंबडा आरवला, तांबड्या धाग्याचा. अजून आवाज फुटायचा होता त्याचा, घसा बसल्यासारखा आरवला मेला. मी इतका सुंदर आवाज उभ्या जन्मात ऐकला नाही. जिवात जीव आला म्हणतात तो कुठून येतो ते मला त्या सकाळी कळलं, पायांच्या तळव्यांतून येतो.

पंधरा. सतरांतल्या पंधरा! पाय लुळे झालेली निळीसुद्धा लंगडत बाहेर आली आणि तिने माझ्या चपलेवर चोच मारली.

मी पायरीवर बसले. वाटलं, प्राची आता रडेल, निदान मला मिठी मारेल. तिने तसलं काही केलं नाही. पदर खोचून खुराड्याभोवती एक फेरी मारली, पावलांनी लांबी मोजली, रुंदी मोजली, आणि कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "आई, हे लहान पडणार. पावसाच्या आत मोठं बांधून घ्यायला हवं."